सूर फीबीचा, शब्द फॅनीचे

भाकऱ्या उरकल्या असतील तर बसा निवांत. नसतील तर रेडिओ चुलीजवळ घ्या आणि हात चालू राहू द्या. आजची गोष्ट ऐकायला हात मोकळे लागत नाहीत.

नाताळच्या आठवड्यात आपल्या केंद्रावर एका बाईंचा फोन आला होता. त्यांच्या गावात चार-पाच ख्रिस्ती घरं आहेत. प्रार्थनेला त्या एक इंग्रजी गाणं म्हणतात, त्याची चाल आम्ही वाजवावी असं त्यांना वाटत होतं. जाता जाता त्यांनी विचारलं, “हे गाणं म्हणे एका आंधळ्या बाईनं लिहिलंय. खरं का हो?” चाल आम्ही वाजवली. प्रश्नाचं उत्तर मात्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं. मग शोधाशोध केली, आणि एका बाईच्या ऐवजी दोन बाया सापडल्या. एक अंध होती, भाड्याच्या खोल्यांत राहणारी. दुसरी विमा कंपनीच्या मालकाची बायको, मोठ्या हवेलीत राहणारी. दोघींनी मिळून ते गाणं केलं.

गाण्याचं नाव ‘ब्लेसेड अ‍ॅशुरन्स’. आपल्या बोलीत म्हणायचं तर धन्य भरवसा. १८७३ साली अमेरिकेत ते तयार झालं आणि आज दीडशे वर्षांनंतरही जगभरच्या चर्चमध्ये म्हटलं जातं. अशा गाण्यांना तिकडे गॉस्पेल हिम म्हणतात. चर्चमधली जुनी स्तोत्रं संथ आणि भारदस्त असत. ही नवी गाणी सोप्या चालीची, तीन-चार कडव्यांची, आणि प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा पुन्हा येणारं ध्रुवपद. म्हणजे आपल्या भजनासारखंच की. कडवं एकीनं म्हणायचं आणि ध्रुवपदाला सगळ्यांनी आवाज मिळवायचा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही दोन वेळा ऐकून म्हणता यावं, हा त्यामागचा हेतू.

शब्द लिहिणाऱ्या बाईंचं नाव फॅनी क्रॉस्बी. जन्म २४ मार्च १८२० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यातला. घर शेतकऱ्याचं. फॅनी दीड महिन्याची असताना तिचे डोळे आले. नेहमीचा डॉक्टर गावात नव्हता. दुसरा कुणी आला, त्यानं डोळ्यांवर गरम पोटीस बांधलं. फॅनी पुढे सांगायची की त्यानंच आपली नजर गेली. आजचे काही जाणकार म्हणतात की दोष जन्मापासूनचाही असू शकेल. काहीही असो, लेकरू अंध झालं. त्याच वर्षी बापही वारला. आई मर्सी एकवीस वर्षांची, पदरात अंध तान्ही पोर. तिनं लोकांच्या घरी कामाला जायला सुरुवात केली.

मग पोर वाढवली कुणी? आजीनं. ही आजी, तिचं नाव युनिस, आम्हाला फार आवडली. ती नातीला रानात घेऊन जायची आणि बोलत राहायची. हे झाड असं, त्याचं पान हाताला असं लागतं, हा पक्षी असा ओरडतो, आत्ता सूर्य मावळतोय तर आभाळाचे रंग असे झालेत. ज्या मुलीनं रंग कधी पाहिले नाहीत तिला आजीनं ते शब्दांनी दाखवले. पुढे घरमालकीण असलेल्या एका बाईंनी तिला बायबल तोंडपाठ करायला लावलं, आठवड्याला पाच अध्याय या हिशेबानं. पंधरा वर्षांची होईतो तिला बायबलची पुस्तकंच्या पुस्तकं मुखोद्गत होती.

इथे आम्हाला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. आपल्या आज्यांनी कुठे वह्या घेतल्या होत्या? ऐकलं, डोक्यात साठवलं आणि दळता दळता नवं जुळवलं. फॅनीचंही तसंच. उठावाची अक्षरं बोटांनी वाचायला ती शिकली, पण त्यात तिचं मन कधी रमलं नाही. गाणं ती डोक्यातच रचायची, डोक्यातच दुरुस्त करायची, आणि पुरं झालं की कुणाला तरी समोर बसवून लिहून घ्यायला सांगायची. कधी कधी अशी कितीतरी गाणी डोक्यात एकावर एक रचून ठेवलेली असत. आपल्या बहिणाबाई चौधरींची गाणीही त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, लिहून ठेवली म्हणून तर १९५२ साली पुस्तकात आली. तोवर बहिणाबाई गेल्या होत्या. फॅनीच्या बाबतीत निदान छपाई तिच्या हयातीत झाली.

१८३५ साली, पंधरावं लागता लागता, ती न्यूयॉर्क शहरातल्या अंधांच्या शाळेत दाखल झाली. शाळा तेव्हा अगदी नवी होती. अंध मुलं शिकू शकतात यावरच लोकांचा विश्वास नव्हता. त्यामुळे शाळेतली मुलं ठिकठिकाणी नेऊन लोकांना दाखवावं लागे की पाहा, ही वाचतात, गणित करतात, गातात. १८४३ मध्ये अंधांच्या शिक्षणासाठी सरकारनं मदत करावी म्हणून एक गट राजधानी वॉशिंग्टनला गेला, त्यात फॅनी होती. देशाच्या कायदेमंडळासमोर तिनं आपली कविता म्हटली. बायकांना तिथे मत द्यायचाही हक्क नव्हता, त्या काळातली ही गोष्ट.

पुढे त्याच शाळेत ती शिक्षिका झाली. १८४९ मध्ये शहरात पटकीची साथ आली. पुष्कळ लोक शहर सोडून गेले, ती मात्र शाळेतच राहून आजाऱ्यांची सेवा करत राहिली. काही वर्षांनी सतरा वर्षांचा एक पोरगा शाळेत नोकरीला लागला. कामातून वेळ काढून तो फॅनीच्या कविता उतरवून घ्यायचा. त्याचं नाव ग्रोव्हर क्लीव्हलंड. हाच पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि तोही दोनदा. बाईंचा लेखनिक राष्ट्राध्यक्ष झाल्याचं दुसरं उदाहरण आम्हाला तरी सापडलं नाही.

१८५८ मध्ये तिनं लग्न केलं. नवरा अलेक्झांडर व्हॅन आल्स्टाइन हाही अंध, त्याच शाळेत शिकलेला आणि शिकवलेला, ऑर्गन वाजवणारा. त्याचं म्हणणं असं पडलं की तुझी गाणी लोकांना क्रॉस्बी या नावानं माहीत आहेत, तर गाण्यांवर तेच नाव राहू दे. कागदोपत्री ती सासरचं नाव लावी, गाण्यांवर माहेरचं. त्या काळच्या नवऱ्यानं हे आपण होऊन म्हणावं हे विशेषच. पुढच्या वर्षी त्यांना मुलगी झाली, तीही लगेचच गेली. या दुःखाबद्दल फॅनी जवळजवळ कधीच बोलली नाही, म्हणून आम्हीही त्यात शिरत नाही.

आता दुसऱ्या बाईंकडे येऊ.

फीबी नॅप फॅनीपेक्षा एकोणीस वर्षांनी लहान, जन्म १८३९ चा. तिची आईही फीबीच, फीबी पामर. ही आई स्वतः प्रवचनं करायची. तिच्या घरी दर मंगळवारी प्रार्थनेची बैठक भरे आणि तिला पुरुषही येत. बाईनं चर्चमध्ये तोंड उघडू नये असं म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून तिनं १८५९ मध्ये भलंमोठं पुस्तक लिहिलं. अशा आईच्या घरात वाढलेली ही पोर सोळाव्या वर्षी जोसेफ नॅपची बायको झाली. १८७१ मध्ये जोसेफ मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचा अध्यक्ष झाला.

या कंपनीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण बचत गटातल्या बायांना ते लगेच कळेल. १८७९ पासून या कंपनीनं कामगार वस्त्यांमध्ये विमा विकायला सुरुवात केली. एजंट दर आठवड्याला दारोदार फिरायचा आणि पाच-दहा सेंट गोळा करायचा. सेंट म्हणजे त्यांचा पैसा, शंभराचा एक डॉलर. पैसे बहुतेक घरातल्या बाईच्याच हातून दिले जात. घरात कुणी दगावलं तर पुरण्यापुरती रक्कम हाती यावी एवढीच त्यांची आशा. त्या चिल्लरीतून ही कंपनी अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली. आठवड्याचा हप्ता, दारात उभा राहिलेला माणूस, वहीवरची सही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

फीबीच्या मनात मात्र संगीत होतं. ब्रुकलिन भागातल्या त्यांच्या हवेलीत तिनं चर्चमध्ये असतो तसा मोठा पाइपचा ऑर्गन बसवून घेतला होता. पाचशेहून जास्त चाली तिनं बांधल्या. फॅनी तिची मैत्रीण, हवेलीवर तिचं येणंजाणं असे. १८७३ मध्ये एकदा फॅनी आली असताना फीबीनं नुकतीच सुचलेली चाल पियानोवर वाजवून दाखवली. दोन-तीनदा वाजवली आणि विचारलं, ही चाल काय म्हणते गं? फॅनीनं क्षणभर ऐकलं आणि उत्तर दिलं. त्या उत्तरातले पहिले दोन शब्द म्हणजेच गाण्याचं नाव. बाकीची कडवी तिनं लगोलग रचली. ही हकीगत फॅनीनंच पुढे सांगितली आहे.

म्हणजे आधी चाल आली, मग शब्द. आपल्याकडे भलरी म्हणताना होतं तसं. हाताची लय आधी लागते, मग कुणाला तरी ओळ सुचते. चालही झुलती आहे, पाळण्याला झोका दिल्यासारखी. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये फीबीच्या आई-वडिलांच्या मासिकात गाणं चालीसकट छापून आलं. पुढे सँकी नावाचा मोठा गायक आपल्या सभांमधून अशी गाणी म्हणत गावोगाव फिरला आणि फॅनीची गाणी घराघरांत गेली.

गाण्यात आहे काय? देव माझा आहे आणि मी त्याची, हा भरवसा. ध्रुवपदात गाणारी सांगते की ही कहाणी दुसऱ्या कुणाची नसून आपलीच आहे. ख्रिस्ती धर्माचं हे गाणं आहे, त्यातला विश्वास त्या त्या माणसाचा. पण गंमत एका शब्दाची वाटते. इंग्रजीत अ‍ॅशुरन्स म्हणजे भरवसा आणि अ‍ॅशुरन्स म्हणजे विमासुद्धा. विमा कंपनीच्या मालकाच्या घरात बसून एका गरीब बाईनं तोच शब्द उचलला. तिच्या मनात तसं काही नसेलही, आमच्या मात्र आल्यावाचून राहिलं नाही.

आणि गाण्यात आपलं म्हटलेलं सगळं खरोखर कुणाचं होतं, तेही पाहायला हवं.

१८५० नंतरच्या काही वर्षांत फॅनी जॉर्ज रूट या संगीतकारासाठी गाणी लिहायची. साधी, मनोरंजनाची गाणी, चर्चची नव्हेत. एका गाण्याचे तिला एक-दोन डॉलर मिळत. त्यातलं ‘रोझली, द प्रेअरी फ्लॉवर’ हे गाणं अफाट खपलं, सव्वा लाखावर प्रती गेल्या. रूटला त्यातून तीन हजार डॉलरच्या आसपास मिळाले. फॅनीला आधी ठरलेले तेवढेच. त्या गाण्यावरचा हक्क तिनं देऊन टाकला होता.

१८६४ मध्ये तिची विल्यम ब्रॅडबरीशी गाठ पडली आणि ती चर्चची गाणी लिहू लागली. ब्रॅडबरी चार वर्षांत वारला. त्याच्या मागून बिग्लो अँड मेन ही छापखान्याची कंपनी आली. तिथेही दर तोच, गाण्याला एक-दोन डॉलर, आणि हक्क कंपनीचा. फॅनीनं आयुष्यात आठ हजारांहून जास्त गाणी लिहिली. कधी कधी एका दिवसात सहा-सात. एकाच पुस्तकात एकाच बाईची इतकी गाणी दिसली तर बरं दिसणार नाही म्हणून तिला खोटी नावं देण्यात आली. एक नाही, दोन नाही, जवळजवळ दोनशे! त्यामुळे काही गाण्यांखाली तिचं नाव नाही, आणि नेमकी सगळी गाणी मोजायची म्हटली तरी जड जातं.

हे वाचताना आमच्यात बराच वाद झाला, तो तुमच्यापासून लपवत नाही. आमच्यातल्या एक काकू जुळवून छान गाणी म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका मोहिमेसाठी त्यांच्याकडून पाच गाणी लिहून घेतली गेली. पुस्तिका छापली, गाणी गावोगाव वाजली, शाळेतली पोरंही म्हणू लागली. पुस्तिकेवर साहेबांचा फोटो होता, छापणाऱ्याचं नाव होतं. काकूंचं नाव नव्हतं. काकूंना मिळाला नारळ आणि ब्लाउजपीस. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “जाऊ दे गं, गाणं चांगल्या कामाला लागलं ना.”

फॅनीही अगदी हेच म्हणायची. देवाचं काम म्हणून लिहिते, पैशासाठी नाही. आलेले पैसे ती वाटून टाकी. नाव एवढं मोठं झाल्यावरही ती न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत राहिली, दारूत बुडालेल्या, काम सुटलेल्या माणसांच्या आश्रयघरांत जाऊन बसायची, त्यांच्याशी बोलायची. मला पुन्हा डोळे नकोतच, असंही ती सांगे. आमच्यातल्या निम्म्या जणींचं म्हणणं पडलं की ती सुखी होती ना, मग तिच्या वतीनं आपण का रडायचं? उरलेल्या म्हणाल्या, तिनं मागितलं नाही म्हणून देणाऱ्यानं कमी द्यावं का? बाई देवाची भक्त असली तर दुकानदाराचा हिशेब माफ होतो का?

असा वाद फॅनीच्या हयातीतही झाला होता. विल कार्लटन नावाच्या कवीनं तिच्या आठवणी तिच्याकडून ऐकून आपल्या मासिकात छापायला सुरुवात केली, आणि तिला लेखामागे पैसेही दिले. १९०३ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. पुस्तक घेतल्यानं या वृद्ध अंध बाईला मदत होईल, असा त्याचा प्रचार होता. या सगळ्यामागे फीबीचा आग्रह होता असं सांगतात. आपल्या मैत्रिणीला छापणाऱ्यांनी पुरेसं दिलं नाही असं तिला वाटत होतं. छापणारे भडकले. लोकांना वाटेल की आम्ही बाईला उपाशी ठेवलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचीही एक बाजू होती. म्हातारपणी तिनं गाणी दिली नाहीत तरी ते तिला आठवड्याला ठरावीक रक्कम देत होते. फॅनी बिचारी मध्ये सापडली. आपण भिकेला लागलेलो नाही, हे तिला जाहीरपणे सांगावं लागलं. मग १९०६ मध्ये तिच्या आठवणींचं दुसरं पुस्तक निघालं.

आम्हाला यात फीबीचं कौतुक वाटतं, पण थोडं हसूही येतं. नवरा १८९१ मध्ये गेल्यावर तिला वर्षाला पन्नास हजार डॉलर मिळत. त्यातले पुष्कळसे ती दानधर्मात घालवी, हे खरं. पण पाच-पाच सेंट देणाऱ्या बायांच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या घरातली बाई दुसऱ्याच्या कंजूषपणाविरुद्ध उभी राहिली. माणूस असाच असतो, एक डोळा उघडा, एक मिटलेला. तरी ती बोलली. बाकीचे फॅनीची गाणी म्हणत राहिले, तिच्या मजुरीबद्दल ती एकटी नाहीतरी मोजक्यांपैकी होती.

१९०० मध्ये तब्येत ढासळल्यावर फॅनी ब्रिजपोर्ट नावाच्या गावी आपल्या विधवा सावत्र बहिणीकडे राहायला गेली. नवरा आणि ती आधीपासून वेगळे राहत, पण भांडण नव्हतं. १९०२ मध्ये तो वारला. ज्या सँकीनं तिची गाणी गाजवली त्याचीही नजर शेवटी गेली, आणि १९०८ मध्ये तो वारला. त्याच वर्षी फीबीही गेली. फॅनी सगळ्यांच्या मागे उरली. १९०५ मध्ये तिच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला बऱ्याच चर्चनी एक रविवार तिच्या नावानं पाळला, तिचीच गाणी म्हटली आणि तिच्यासाठी वर्गणी काढली. १२ फेब्रुवारी १९१५ रोजी ती गेली. पंच्याण्णव पुरी व्हायला सव्वा महिना बाकी होता.

तिनं आधीच सांगून ठेवलं होतं की मोठं स्मारक नको, पैसे म्हाताऱ्या माणसांच्या उपयोगी पडू देत. म्हणून थडग्यावर लहानसा दगड बसवला. त्यावर ‘आंट फॅनी’, म्हणजे फॅनीमावशी, असं नाव आणि बायबलमधलं एक वाक्य. १९२५ मध्ये ब्रिजपोर्टला तिच्या नावानं वृद्धांसाठी घर सुरू झालं. लोकांना मात्र तो लहान दगड बघवेना. १९५५ मध्ये शेजारी मोठा दगड उभा केला.

फोन करणाऱ्या ताईंना सांगायचं तर, होय ताई, ज्यांनी तुमच्या गाण्याचे शब्द लिहिले त्या बाई अंध होत्या. आणि चाल फीबी नॅप नावाच्या बाईंनी बांधली होती, तेही ध्यानात असू द्या.

आमच्या काकू आज इथेच बसल्या आहेत. फॅनीची गोष्ट त्यांनी दोनदा ऐकून घेतली. दोनशे खोट्या नावांचं ऐकून पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, “माझं तर खोटंही नाव छापलं नाही.” आता त्या आपलं एक गाणं म्हणणार आहेत. आधी स्वतःचं नाव सांगतील, मग गावाचं, मग गाणं. त्यानंतर ‘ब्लेसेड अ‍ॅशुरन्स’ची चाल वाजेल, नुसती पेटीवर.